परड्यात नेला की स्पीकर अडकतो: वायफायची रेंज अंगणापर्यंत नेण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ कळंब्याकडचं जुनं घर, पुढं सोपा (ओसरी), मागं परडं (मागचं अंगण). राऊटर सोप्यात, लोखंडी कपाटावर ठेवलेला. घरात वायफाय स्पीकर झकास वाजतो. संध्याकाळी परड्यात आंब्याखाली चूल पेटली, रस्सा मंडळ जमलं की गाणं तुटक तुटक व्हायला लागतं. पावसाळ्यात तर फोनला स्पीकर दिसतच नाही. राऊटरपासून आंब्यापर्यंत अंतर साधारण २० मीटर, मध्ये दोन भिंती. एक रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढं पाठवणारा डबा) आणून परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावला, तर आणखीनच बिघडलं. आता १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करावा का, की 'पॉवरफुल' राऊटर घ्यावा?

दोन्ही करू नका. चांगल्या प्रतीचं गाणं सेकंदाला ३२० किलोबिट खातं, म्हणजे तुमच्या आत्ताच्या प्लॅनचा तीनशेवा हिस्सा. सीडीच्या दर्जाचं, काहीही न दाबलेलं संगीत लावलं तरी दीड एमबीपीएसच्या आतच काम भागतं. स्पीकरला वेग नको असतो, न तुटणारा धागा हवा असतो. घरातून परड्यापर्यंतचा शेवटचा टप्पाच तुटत असेल, तर बाहेरून येणारी लाइन कितीही जाड केली तरी गाणं अडकणारच.

मोठ्या राऊटरचा मोह का आवरायचा? देवळाच्या भोंग्यावरून दिलेली हाक शिवारात स्पष्ट ऐकू येते. पण शिवारातून आपण दिलेली ओ देवळापर्यंत पोचत नाही. वायफायमध्ये प्रत्येक हाकेला ओ लागते. राऊटरनं पाठवलेला माहितीचा तुकडा मिळाला, असं स्पीकरनं उलट कळवलं नाही तर राऊटर तोच तुकडा पुन्हा पाठवतो. स्पीकरच्या पोटातला अँटेना बोटाएवढा, आणि त्याची ताकद राऊटरपेक्षा कमी. मोठा राऊटर हाक मोठी करतो, ओ तेवढीच राहते. म्हणून चार-चार अँटेनांचा राऊटर लावूनही फोनवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि गाणं मात्र अडकतं. उपाय एकच: राऊटर आणि स्पीकर यांच्यातलं अंतर आणि आड येणाऱ्या गोष्टी कमी करणं.

आधी मोजा. अँड्रॉइड फोनवर 'वायफाय अ‍ॅनालायझर' प्रकारचं कोणतंही मोफत अ‍ॅप चालतं. आयफोनवर अशी अ‍ॅप सिग्नलचा आकडा दाखवू शकत नाहीत. तिथं अ‍ॅपलचंच 'एअरपोर्ट युटिलिटी' घेऊन सेटिंगमधून त्यातला वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो. आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) आणि उणे चिन्हाचा असतो; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम. उणे ६५ पर्यंत गाणं निर्धास्त वाजतं. उणे ७० ला कुरबुर सुरू होते, उणे ८० ला काही खरं नाही. फोन हातात धरून नव्हे, तर स्पीकर जिथं ठेवता त्याच जागी ठेवून, दोन पावलं मागं सरून बघा. हाताचा आणि अंगाचा अडथळा आकड्यात येतो.

आता तुमच्याच घराचा हिशेब मांडू. राऊटर साधारण २० डीबीएमनं बोलतो. वायफायचे मुख्य पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झवर मोकळ्या हवेत पहिल्या मीटरलाच या ताकदीतले ४० डीबी खर्ची पडतात आणि पुढं अंतर दुप्पट झालं की आणखी ६. वीस मीटरवर एकूण ६६. म्हणजे मध्ये काहीच नसतं तर आंब्याखाली उणे ४६ मिळालं असतं, उत्तम. प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटांच्या दोन भिंती, प्रत्येकी ८-१० डीबी धरा: उणे ६४. लोखंडी कपाट आणि खिडकीची जाळी मिळून आणखी ८: उणे ७२. पावसाळ्यात ओली पालवी आणि ओली भिंत यांचे ५: उणे ७७. ही झाली हाक. स्पीकर १४ डीबीएमनं ओ देत असेल तर ती राऊटरपर्यंत पोचेपर्यंत उणे ८३. आकडे थोडे मागेपुढे होतील, पण दुखणं इथंच आहे. भिंत दगडी दीड-दोन फुटांची असेल, किंवा चंदगड-आजऱ्याकडं असते तशी जांभ्याची असेल, तर एकच भिंत एवढं खाऊन जाते. जांभा सच्छिद्र, पावसात पाणी धरून बसतो.

पावसाबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. कोसळणाऱ्या सरींमुळं परड्याएवढ्या अंतरात वायफायचं जवळजवळ काहीच बिघडत नाही. बिघडतं ते ओल्या झालेल्या वस्तूंमुळं. पाणी या लहरी शोषून घेतं आणि जुलैत आंब्याचं एकेक पान पाण्यानं चिंब असतं.

याच कारणानं मंडळी जमली की गाणं अडकतं. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच. स्पीकर पाटावर किंवा जमिनीवर, भोवती दहा-पंधरा जण बसलेले, म्हणजे ओल्या पोत्यांचा बंधाराच. शिवाय प्रत्येकाचा फोन त्याच वायफायवर. कुणी व्हिडिओ पाहतोय, कुणाचे फोटो वर चढतायत. बाहेरून उणे ७७ वर बोलणारा एकेक फोन फार हळू बोलतो आणि तेवढा वेळ हवा अडवून ठेवतो. त्या संध्याकाळी पाहुण्यांना त्यांचा मोबाइल डेटाच वापरू द्या. यात उणेपणा काही नाही.

फुकटात होणारे बदल आधी करून घ्या. राऊटर कपाटावरून उतरवा. लोखंडी कपाट, फ्रिज, टीव्हीची मागची बाजू, आरसा, इन्व्हर्टर या सगळ्यांपासून निदान अर्धा मीटर लांब. शक्य असेल तर तो मधल्या घरातल्या परड्याकडच्या खिडकीशी आणा, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचावर. फायबरची बारीक तार स्वतः ओढू नका. काटकोनात मोडली की आतली काच तुटते. फायबरचा डबा जिथं आहे तिथंच राहू द्या आणि तिथून साधी लॅन केबल खिडकीपर्यंत आणून राऊटर तिथं लावा. डबा आणि राऊटर एकच असेल तर कंपनीच्या माणसाला बोलावून जागा बदलून घ्या.

खिडकीची डासांची जाळी नीट बघा. स्टीलची असेल तर तिची छिद्रं मिलिमीटर-दीड मिलिमीटरची असतात, आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब. त्या लहरीला ही जाळी म्हणजे जवळपास सलग पत्राच. नायलॉनची किंवा फायबरग्लासची जाळी आडवी येत नाही. चकचकीत फिल्म लावलेल्या काचेचंही तसंच. फिल्ममध्ये धातूचा थर असतो.

अँटेना उभे ठेवा. अँटेनातून लहरी बाजूंना पसरतात. टोकाच्या दिशेनं फार थोड्या जातात. अँटेनाचं टोक परड्याकडं रोखलं म्हणजे तिकडं सिग्नल जाईल असं वाटतं, होतं उलटं.

स्पीकरच्या बाजूलाही तेवढंच लक्ष हवं. तो जमिनीवरून उचला आणि दीड मीटर उंचीवर ठेवा, बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्या वर. लाकडी फळी किंवा विटांचा कट्टा चालतो; पत्र्याचं टेबल, स्टीलचं पिंप किंवा पाण्याची टाकी शेजारी नको. उंचीचं कारण एवढंच की लहर सरळ दोरीसारखी जात नाही, मध्ये फुगते. २० मीटरच्या अंतरात मध्यावर हा फुगवटा सर्व बाजूंना जवळपास पाऊण मीटरचा असतो. तो जमिनीत किंवा कुंपणात रुतला की ताकद जाते. आणखी एक करून बघा: गाणं अडकत असेल तर स्पीकर चार बोटं डावी-उजवीकडं सरकवा. भिंतीवरून, पत्र्यावरून परतलेल्या लहरी काही ठिकाणी मूळ लहरीला मारतात आणि अशा दोन जागांमधलं अंतर जेमतेम ६ सेंटिमीटर असतं. कधी एवढ्यावरच भागतं.

चॅनलचा, म्हणजे एकाच पट्ट्यातल्या वेगवेगळ्या वाटांचा, प्रश्न शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या दाटीत फार, कळंब्याकडं कमी. तरी संध्याकाळी एकदा अ‍ॅपमध्ये बघून घ्या. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. यातला सर्वांत मोकळा निवडा, 'ऑटो' बंद करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली तर जवळपास निम्मा पट्टा एकटं घर व्यापतं आणि शेजाऱ्यांचा गोंगाट आपल्याच डोक्यावर येतो. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडं लवकर दमतं. परड्यात तोच पट्टा वापरायचा असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनल द्या. मधले, म्हणजे ५२ पासून १४४ पर्यंतचे, रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. रडारची चाहूल लागली की राऊटरला चॅनल सोडावाच लागतो, नव्या चॅनलवर बोलण्याआधी निदान मिनिटभर ऐकत बसावं लागू शकतं, आणि पुष्कळ स्पीकरना हे चॅनल दिसतच नाहीत.

आता रिपीटर का फसला. पत्रा या लहरींना आरशासारखा परतवतो. रिपीटर शेडच्या आत, म्हणजे त्याला घरातून येणारा सिग्नल आधीच मोडका मिळत होता आणि तो तेच मोडकं पुढं जोरात ओरडून सांगत होता. फोनवर काड्या भरलेल्या दिसतात, कारण त्या फोन ते रिपीटर एवढंच अंतर सांगतात. रिपीटर ते राऊटर याबद्दल अवाक्षर नाही. शिवाय साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्म्यावर येतो. गाण्यासाठी निम्मा वेगही पुरे आहे, अट एवढीच की रिपीटरच्या जागी उणे ६० ते ६५ मिळालं पाहिजे. ती जागा शेड नव्हे. ती आहे तुमच्या मागच्या दाराच्या आतली बाजू किंवा मागच्या पडवीचा प्लग. तिथं लावून बघा. बऱ्याच घरांत एवढ्यानंच काम होतं. मेश (एकमेकांशी जोडलेले दोन-तीन राऊटर-डबे) घेणार असाल तरी दुसऱ्या डब्याची जागा हीच.

पण परडं रोजच्या वापरातलं असेल, तर माझं स्पष्ट मत: केबल ओढा आणि मागच्या भिंतीवर ॲक्सेस पॉइंट (केबलनं राऊटरला जोडलेला, तिथूनच वायफाय देणारा डबा) लावा. एकदाच कष्ट, मग वर्षानुवर्षं बघायला नको.

केबल कॅट-६, बाहेरच्या वापराची, काळ्या पॉलिथिन आवरणाची. घरातली करडी किंवा निळी पीव्हीसी केबल आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकायला लागते आणि मग पाणी आत शिरतं. तार शुद्ध तांब्याची आहे ना, हे दुकानातच तपासा: आतली एक तार ब्लेडनं हलकी खरवडा. खाली पांढरी चकाकी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, परत करा. तिची रोधकता जास्त, केबलमधून वीज पाठवली की दूरच्या टोकाला व्होल्टेज पडतं, आणि टोकं क्रिम्पमध्ये, म्हणजे कनेक्टर दाबून बसवताना, मोडतात. लांबीची मर्यादा १०० मीटर, तुम्हाला वळणं धरून ३०-३५ पुरेल. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तिसऱ्या आणि सहाव्या जागी हिरव्याची जोडी फुटते, तिथंच बहुतेकांची चूक होते. क्रिम्प करताना बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो.

केबल विजेच्या वायरीपासून वीतभर लांबून न्या. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. जमिनीतून जाणार असेल तर पाईपमधून, घुशी-उंदीर सोडत नाहीत. भिंतीतलं भोक आतून बाहेर उतरतं पाडा आणि केबल भोकात शिरण्याआधी तिला खाली वीतभर झोळ द्या. केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं. हा झोळ नसला की पावसाचं पाणी केबल धरून थेट घरातल्या राऊटरच्या पोर्टमध्ये येतं. पोर्टमधले आठ पितळी दिसणारे दात हिरवे पडलेले दिसले, तर समजा पाणी याच वाटेनं आलंय.

ॲक्सेस पॉइंट छज्जाखाली, अडीच-तीन मीटरवर, तोंड परड्याकडं, पत्र्याच्या पन्हाळीपासून बाजूला. धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी६५ किंवा त्यावरचं मानांकन घ्या. केबलचं तोंड खाली. वीज केबलमधूनच देणार असाल तर एक गोष्ट अत्यंत जपा: प्रमाणित प्रकारचा इंजेक्टर (लॅन केबलमध्ये वीज सोडणारा छोटा डबा) आधी समोरच्या उपकरणाशी बोलतो आणि मगच साधारण ४८ व्होल्ट सोडतो, २४ व्होल्टचा 'पॅसिव्ह' प्रकार काही न विचारता वीज सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टरची केबल चुकून लॅपटॉपला किंवा टीव्हीला लागली तर पोर्ट जळू शकतो. डब्यासोबत आलेला इंजेक्टर त्याच डब्याला वापरा.

नवा ॲक्सेस पॉइंट घ्यायचा नसेल तर घरातला जुना राऊटरही चालतो, फक्त तो पावसापासून आत, मागच्या खिडकीशी ठेवा. मागचं बटण दहा सेकंद दाबून त्याला कोरा करा, सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा. नसेल तर तीन कामं हातानं करा: त्याचा पत्ता बदला, मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि घरातून आलेली केबल वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पोर्टमध्ये न घालता लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमध्ये घाला. ही तिसरी पायरी चुकली की दुसरं स्वतंत्र नेटवर्क तयार होतं. मग फोन एका घरात, स्पीकर दुसऱ्या घरात. इंटरनेट मिळो न मिळो, फोनला स्पीकर दिसत नाही.

रेंज भरपूर असूनही स्पीकर दिसत नसेल तर कारण बहुतेक याच जातीचं असतं. फोन 'गेस्ट' नेटवर्कवर असतो, किंवा राऊटरमध्ये 'एपी आयसोलेशन' चालू असतं, ज्यानं उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. जुन्या स्पीकरला निव्वळ डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) झेपत नाही. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय ठेवा. नाव आणि पासवर्ड आत-बाहेर एकच ठेवा, चॅनल मात्र वेगळे, आत १ तर बाहेर ११. आणि स्पीकर घरातून परड्यात नेल्यावर एकदा बंद करून चालू करा. तो घरातल्या राऊटरची मरतुकडी रेंज धरून बसतो, शेजारी जोरदार सिग्नल असला तरी सहजासहजी सोडत नाही.

वीज कडाडण्याबद्दल गांभीर्यानं सांगतो. एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दोन वेळा आपल्याकडं धोक्याच्या. बाहेर ओढलेली तांब्याची तार जवळ पडलेल्या विजेचा झटका पकडते आणि घरात आणते. केबलच्या टोकांना अर्थिंग केलेले सर्ज प्रोटेक्टर (झटका जमिनीत वळवणारे) लावा, पण खरा बचाव म्हणजे ढग गडगडायला लागले की घराकडचं टोक उपसून ठेवणं. शेडला वेगळं मीटर, वेगळं अर्थिंग असेल तर घर आणि शेड तांब्यानं जोडूच नका. तिथं दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅन केबलला फायबरशी जोडणारे डबे) आणि फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही.

गावाबाहेरच्या शेतघरापर्यंत, दीड-दोनशे मीटर, नेट न्यायचं असेल तर ५ गिगाहर्ट्झची समोरासमोर बघणारी दोन बाहेरची यंत्रं लागतात, जी दुकानात सीपीई म्हणून मिळतात. इथं फसवणारा असतो ऊस. मार्चमध्ये खोडव्यावरून मोकळं दिसतं, जोडणी उत्तम लागते, आणि गणपतीपर्यंत तीन-साडेतीन मीटरचा ओला हिरवा पडदा उभा राहतो. २०० मीटरवर मध्यावरचा फुगवटा दीड मीटरचा. म्हणून दोन्ही टोकांना पाईप निदान ५ मीटरचा, उभ्या उसाची उंची धरूनच. तिथं ब्रॉडबँड नको असेल तर जुन्या फोनमध्ये सिम घालून, हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवून तो स्पीकरजवळ उंचावर टांगला तरी गाण्यापुरतं भागतं. आयफोन असेल तर हॉटस्पॉटमधलं 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा, म्हणजे तो २.४ वर येतो.

लाइट गेली की बॅटरीवरचा स्पीकर चालू राहतो आणि राऊटर झोपतो, हेही बरेचदा 'रेंज गेली' म्हणून सांगितलं जातं. राऊटर, फायबरचा डबा आणि बाहेरच्या ॲक्सेस पॉइंटचा इंजेक्टर, तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राऊटरच्या अडॅप्टरवरचा मजकूर वाचा: १२ व्होल्ट, ९ की ५, किती अँपिअर, आणि पिनचं मधलं टोक धन आहे की ऋण. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही तेवढीच वीज लागते, म्हणून दोन आउटपुटचा घ्या आणि दोन्हींच्या अँपिअरची बेरीज त्याच्या क्षमतेत बसते का ते बघा.